निकेरीची देवकाबाई

देवकाबाई परत आली तेव्हा तिचं श्राद्ध होऊन दहा वर्षं उलटली होती.

तिचा थोरला भाऊ दुलीचंद त्या सकाळी घराच्या छपरावर बसून कवेलू फेरत होता. पावसाळ्याआधी फुटकी कवेलू काढून नवी बसवायची, हे दर उन्हाळ्याचं काम. गोंदियाच्या टेसनाकडून आलेली एक बैलगाडी अंगणापुढे थांबली आणि तिशी ओलांडलेली एक बाई खाली उतरली. अंगावर कलकत्त्यात घेतलेलं कोरं लुगडं, हातात पत्र्याची पेटी. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "दादा, मी देवका. खाली ये, पन जपून."

दुलीचंद उतरला नाही. हातातलं कवेलू मांडीवर ठेवून तो तसाच आढ्यावर बसून राहिला. बोलण्याचा आवाज ऐकून त्याची बायको शामकला चुलीपासून उठून बाहेर आली. तिनं नणंदेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, तिचा हात आपल्या हातात घेऊन दाबून पाहिला आणि मग नवऱ्याला सांगितलं, "उतरा खाली. हात गरम हाये तिचा."

हे सन एकोणीसशे अकरा. आमचं बोडीटोला दवनीवाड्याच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे. त्या काळी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडायचा आणि गोंदिया म्हणजे रेल्वेभोवती वाढत चाललेली बाजारपेठ. देवका गेली ती संवत छप्पनच्या, म्हणजे सन एकोणीसशेच्या दुष्काळात. नवरा पटकीनं गेला, मूलबाळ नव्हतं, सासरी खायला नव्हतं. भावाकडेही तीच गत. तेव्हा ती दरेकशाकडे सरकारी दुष्काळी कामावर गिट्टी फोडायला गेली. त्या कामावरही पटकी आली आणि रोज चिता जळू लागल्या. कुणीतरी दवनीवाड्याच्या बाजारात सांगितलं, तुमची देवका पण गेली. दुलीचंदनं वैनगंगेवर जाऊन पिंड दिला.

खरं असं होतं की त्या कामावर एक गोड बोलणारा माणूस आला होता. मजूर गोळा करणं हा त्याचा धंदा. "श्रीराम टापूवर चला," तो म्हणायचा, "साखर चाळायची आन दोन टाइम जेवायचं." त्या बेटाचं, खरं तर त्या देशाचं, नाव होतं सुरीनाम. ते श्रीराम कुठल्याच अंगानं नव्हतं आणि साखर चाळायची नसून ऊस तोडायचा होता. पण गिट्टी फोडून अर्ध्या पोटी झोपणाऱ्या वीस वर्षांच्या विधवेला दोन वेळचं जेवण पुरेसं होतं. देवका कलकत्त्याच्या जहाजावर चढली.

पहिले काही दिवस गाव नुसतं तिला बघायला यायचं. बाया तिच्या पेटीत काय आहे ते विचारत, माणसं समुद्राचं विचारत. ती अंगणात बसून, सुपात धान पाखडता पाखडता, सगळ्यांना सारखंच सांगायची. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि लाजण्यासारखंही तिला काही वाटत नव्हतं.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, जिथं एक मोठी नदी समुद्राला मिळते, तिथं निकेरी नावाचं लहानसं शहर आहे. राज्य डच लोकांचं. आपल्याकडे जुने लोक त्यांना वलंदेज म्हणत. त्यांचा स्वतःचा देशही म्हणे असाच ठेंगणा, पाण्याला बांध घालून राखलेला, आणि जिथं गेले तिथं त्यांनी तसंच गाव वसवलं. निकेरीचे रस्ते सूत धरल्यासारखे सरळ. प्रत्येक रस्त्याच्या कडेला कालवा. प्रत्येक घर लाकडाचं, खांबांवर उभं, आणि घरातून रस्त्यावर यायला कालव्यावर फळीचा लहानसा पूल. गावाभोवती मातीचा उंच बांध, बांधापलीकडे समुद्र.

"भरतीच्या टाइमाले समुद्र आमच्या चुलीपेक्षा उंच राहे," देवका म्हणाली.

दुलीचंदला हे सहन झालं नाही. "समुद्राच्या खाली गाव? मंग तिथं मानसं मासे खाऊन राहत होते का मासे मानसाईले?"

सगळे हसले. देवकाही हसली. "मासे आमीच खाऊन राहिलो, दादा. नाही तं मी कशी आली असती?"

त्या शहराचा इतिहास तिला अकुबानं सांगितला होता. अकुबा ही बाजारात तिच्याशेजारी बसून तळलेली केळी विकणारी म्हातारी, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची लेक. आधी निकेरी वेगळीकडेच होती, नदीच्या अगदी तोंडावर. समुद्रानं तिचा काठ दर वर्षी थोडा थोडा खाल्ला. एक रस्ता गेला, मग दुसरा, मग देवळासारखं त्यांचं प्रार्थनाघर. शेवटी लोकांनी घरांच्या फळ्या मोकळ्या केल्या, होड्यांवर लादल्या आणि आत सरकून नवं शहर मांडलं. अकुबा ओहोटीच्या वेळी पाण्याकडे बोट दाखवून सांगायची, तिथं आमचं अंगण होतं. आणि सांगताना रडायची नाही. नव्या घराला खिडक्या जास्त आहेत, हेही लगेच सांगायची.

उसाच्या मळ्यावरची कराराची पाच वर्षं संपल्यावर देवकानं रामलाल नावाच्या माणसाशी घर केलं. हा बिहारातल्या आऱ्याकडचा, मळ्याच्या कालव्यांवर पाणी सोडणारा. दोघांनी बांधाच्या आत भाताचा तुकडा घेतला. भातखाचर तिला नवं नव्हतं, पण तिथं पाण्याला दार होतं, ते नवं होतं. बांधाच्या बुडातून लाकडी पेटीसारखा आरपार मार्ग काढलेला असे. त्याला तिथं कोकर म्हणत. मोठ्या कोकरांची दारं माणसं चाकानं उचलत. शेतांवरच्या लहान कोकरांना बाहेरच्या तोंडाशी फळीचं दार नुसतं वरून टांगलेलं असे. बाहेरचं पाणी चढलं की ते दाराला दाबून बंद करी. बाहेरचं उतरलं की आतलं पाणी दार ढकलून निघून जाई. कुणी हात लावायची गरज नसे. अशी तीन-चार दारं रामलालकडे होती. तो देवकाला सोबत नेऊन गाळ कसा काढायचा, दाराचा तळ कसा बघायचा, हे दाखवायचा.

रामलाल तापानं गेला. शेत तिला एकटीनंही झेपलं असतं. पण परतीचं जहाज लागलंय असं कळलं, आणि तिला आठवलं की दहा वर्षांत आपल्याला कुणी आपल्या बोलीत 'काऊन वो' म्हणून हटकलेलं नाही. तेवढ्यावर ती निघाली. अकुबानं तिला वाटेत खायला वाळवलेली केळी दिली.

समुद्र ओलांडून, परजातीच्या माणसाशी संसार करून आलेल्या बाईला पंगतीत घ्यायचं की नाही, यावर जातीची बैठक बसली. देवकानं तिथं वाद घातला नाही. "तुमी श्राद्ध केलं होतं ना माझं? मंग जुनी देवका गेली. ही नवी हाये. हिले घ्या की नोका घेऊ, राहीन मी गावातच," ती म्हणाली. बैठकीनं सत्यनारायण आणि जेवण लावून तिला घेतलं, पण काही घरांनी पुढे कित्येक वर्षं तिच्या हातचं पाणी टाळलं. ती त्या घरांत पाणी मागायलाही गेली नाही.

ज्येष्ठ लागताना तिनं भावाकडे जमिनीचा विषय काढला. "दादा, मले खालची बांधी दे कसायले."

दुलीचंदला वाटलं ही थट्टा करते आहे. भाताच्या बांध घातलेल्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात. गावाच्या खालच्या अंगाला, जिथं बोडीटोल्याचा नाला वैनगंगेला मिळतो, तिथं गावातल्या बहुतेकांची एकेक बांधी होती. माती सोन्यासारखी, पीक मात्र नशिबानं. श्रावणात नदी चढली की तिचं पाणी नाल्याच्या तोंडातून उलटं आत शिरायचं आणि रोवलेल्या धानावर आठवडाभर उभं राहायचं. धान खालीच सडायचं. मागे एकदा गावानं नाल्याच्या तोंडावर बांध घालून पाहिला होता. तेव्हा नदी बाहेर राहिली, पण वरून पडलेल्या पावसाला निघायला वाट उरली नाही आणि धान आतल्याच पाण्यात बुडालं. लोकांनीच कुदळी घेऊन तो बांध फोडला. त्याचे दोन उरलेले ढिगारे नाल्याच्या दोन्ही काठांवर अजून उभे होते.

देवका भावाला त्या ढिगाऱ्यावर घेऊन गेली.

"बांध बरोबर होता, दादा. त्याले दार नव्हतं."

"दार लावलं तं उघडनार कोन? झापनार कोन? पुरात कोन येऊन बसते इथं?"

"कोनीच नाही. पानीच उघडते, पानीच झापते."

दुलीचंदनं मान हलवली. पण ज्या जमिनीत दोन सालांतून एकदा काही हाती लागत नाही ती बहिणीला द्यायला त्याची हरकत नव्हती. उलट ती चांगली जमीन मागेल या भीतीनं तो महिनाभर नीट झोपला नव्हता.

मग देवका उदाराम वाढईकडे गेली. वाढई म्हणजे सुतार. उदाराम नांगर, वखर, बैलगाडीची चाकं करायचा, आणि करून झालं की चार पावलं मागे जाऊन बघायची त्याला सवय होती. तिनं तोंडी सांगून त्याला पटेना. तेव्हा तिनं विहिरीच्या बाजूला पाणी वाहून जायच्या चरीत ओंजळभर चिखलाचा बांध घातला, त्यातून फळ्यांची एक नळी काढली, आणि नळीच्या बाहेरच्या तोंडाशी चामड्याच्या पट्टीनं लाकडाची चिपटी, म्हणजे पातळ तुकडा, टांगली.

"आता इकडून घागर ओता, उदारामभाऊ."

उदारामनं आतल्या बाजूनं पाणी ओतलं. चिपटी उचलली गेली आणि पाणी निघून गेलं. मग त्यानं पलीकडून ओतलं. चिपटी नळीला चिकटून बसली आणि पाणी बाहेरच थांबलं. त्यानं आणखी एक घागर मागवली, मग आणखी एक. विहिरीवरच्या बाया त्याला नावं ठेवू लागल्या तरी तो थांबेना. शेवटी चार पावलं मागे जाऊन त्यानं पाहिलं आणि विचारलं, "लाकूड कोनतं पायजे?"

"पान्यात सडनार नाही असं. तिथं तं वेगरंच झाड राहे."

"मंग बीजा. बीजा नाही सडत."

बीजा गावच्या मालगुजाराच्या, केशोरावांच्या जंगलात होता. मालगुजार म्हणजे गावाचा धनी, जमीन त्याची, सारा वसूल करून सरकारात भरायचा तोच. केशोराव साठीचे, तोंडानं फटकळ, पण शेतीचा नाद असलेले. खालच्या अंगाला सर्वांत मोठी बांधी त्यांचीच होती. त्यांनी विहिरीवरचा खेळ स्वतः येऊन पाहिला, लाकूड दिलं आणि बजावलं, "माझी बांधी बुडाली तं दार उखडून चुलीत घालीन, बाई."

"घाला, मालक. पन आधी पाऊस पडू द्या," देवका म्हणाली.

पहिला पाऊस पडायच्या आत कोकर बसला. उदारामनं माणूस वाकून जाऊ शकेल एवढी पेटी केली. लोहारानं दाराला लोखंडी कड्या दिल्या. जुन्या ढिगाऱ्यांमधली फट मातीनं भरली. आषाढात नदी थोडी चढली, दार बसलं. उतरली, दार उघडलं. दुलीचंद दिवसातून तीनदा बघून येऊ लागला. लोकांनी तिथं रोवणा, म्हणजे धानाची लावणी, केला.

श्रावणात मोठा पूर आला आणि कोकर फसला.

दार आपल्या जागी घट्ट बसलेलं होतं. पण पाण्यानं दाराला हातही न लावता पेटीच्या बाहेरून, लाकूड आणि माती यांच्यामधून बारीक वाट काढली. आधी धारेसारखी, मग मनगटाएवढी. दुपारपर्यंत पेटीखालची माती वाहून गेली, पेटी तिरपी झाली आणि बांध मधोमध खचला. नदी आत आली. त्या साली खालच्या अंगाला कुणाच्याच हाती काही लागलं नाही.

पाणी उतरल्यावर सगळे तिथं जमले. भैयालाल नावाचा शेतकरी, ज्याची बांधी देवकाच्या बांधीला लागून होती, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "निकेरीचं पानी निकेरीलेच राहू दे, देवकाबाई. आमाले आमचं बुडनं मालूम होतं. हे नवं बुडनं कायले आनलं?"

देवका चिखलात उतरून उघडी पडलेली पेटी बघत होती. तिनं वर न बघताच उत्तर दिलं. "चूक माझी हाये, भैयालालभाऊ. तिथं कोकर मी बसलेला पाह्यला, बसवताना नाही पाह्यला. मातीच्या पोटात काय केलं हाये ते मले दिसलंच नव्हतं."

ती पेटीच्या अंगावरून हात फिरवत राहिली. तिला एक जुना कोकर आठवला. दुरुस्तीसाठी तो उपसून बांधावर टाकला होता, आणि रामलाल त्याच्यावर बसून भाकरी खात होता. त्या पेटीला दोन्ही अंगांनी पंखासारख्या फळ्या होत्या. तेव्हा तिला वाटलं होतं, त्या उचलायला धरायच्या असतील.

"पंख," ती उदारामला म्हणाली. "पेटीले पंख पायजेत. मातीत दूरवर रुतलेले. पान्याले पेटीच्या कडेनं सरळ जाता नाही आलं पायजे."

उदाराम चार पावलं मागे गेला, बघितलं आणि म्हणाला, "अन् ही माती बी चालनार नाही. रेतीची हाये. कन्हार पायजे." कन्हार म्हणजे आमच्याकडची काळी चिकण माती.

सगळ्यांनी केशोरावांकडे पाहिलं. ते दार चुलीत घालतील असं भैयालालला वाटलं होतं. केशोराव पेटीपर्यंत उतरून लाकूड ठोकून आले. मग म्हणाले, "लाकूडबी माझं गेलं, पीकबी माझं गेलं. आता सोडलं तं दोन्ही फुकट गेलं. पुढच्या उन्हाळ्यात परत लावा."

पुढच्या उन्हाळ्यात काम मोठं होतं. बांध रुंद करायचा, कन्हार दुरून आणायची, म्हशींच्या पायांखाली तुडवून थरावर थर बसवायचा. केशोरावांच्या कारभाऱ्यानं रिवाजाप्रमाणे हुकूम सोडला की गोंडटोल्यावरची, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली, आणि कुळांच्या घरची माणसं बेगारीला यावीत, म्हणजे फुकट राबावीत. देवकाला हे कळलं तेव्हा ती सरळ केशोरावांच्या ओसरीवर गेली.

"मालक, बेगारीचा बांध टिकनार नाही."

"काऊन नाही टिकनार? गावचा तलाव माझ्या आजोबानं बेगारीनंच बांधला."

"तलावाचं पानी सगऱ्याईले दिसते. हा बांध आतून फुटते. ज्याची जमीन नाही, त्यानं लात मारून माती टाकली का दाबून टाकली, कोन पाहनार? निकेरीत ज्याची जमीन त्याचा बांध. जेवढी जमीन तेवढा तुकडा. साहेबाच्या शेतापुढला बांध साहेबाचा, माझ्यापुढला माझा. ज्याच्या तुकड्यातून पानी आलं त्याले सगरे विचारत."

"म्हंजे सगऱ्यात मोठा तुकडा माझा."

"हो. जमीनबी सगऱ्यात मोठी तुमचीच हाये."

कारभारी पुढे होऊन काही बोलणार होता. केशोरावांनी त्याला हातानं थांबवलं. ही बाई आपल्या ओसरीवर उभी राहून आपल्याला कामाला लावते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तिचा आवाज चढला नव्हता आणि नजर खाली गेली नव्हती, हेही. ते म्हणाले, "ठीक हाये. माझ्या तुकड्यावर माझी मजुरीची मानसं येतील. बेगार नाही."

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गोंडटोल्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी तिथली मंगली, जी मालगुजाराच्या शेतात मजुरी करायची, आपल्या दोन म्हशी घेऊन स्वतःहून आली आणि मजुरी ठरवून घेऊन चिखल तुडवायला लागली. भैयालाल मात्र शेवटपर्यंत येईना. मग एके सकाळी लोकांना दिसलं की सगळा बांध वर आला आहे आणि त्याच्या वाटणीचा तुकडा तेवढा दात पडल्यासारखा खाली राहिला आहे. तो दोन दिवस ते ऐकत राहिला. तिसऱ्या दिवशी बायको-पोरांसह आला आणि कुणाशी न बोलता माती टाकू लागला. त्याचा तुकडा सगळ्यांत घट्ट झाला, असं उदाराम सांगायचा.

त्या साली श्रावणात झड लागली आणि दुपारच्या वेळी वैनगंगा चढू लागली. लोक बांधावर उभे होते. पाणी दाराशी आलं, दार हललं, सरकलं आणि अर्ध्यावर थांबलं. पुरातून वाहत आलेला मोहाचा एक ओंडका दाराच्या फटीत अडकला होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी आत घुसायला लागलं.

चैतराम ढिवर तिथं जवळच होता. नाल्याच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरणं हा त्याचा धंदा, आणि कोकर झाल्यापासून त्याची जाळं लावायची जागा गेली म्हणून तो देवकावर थोडा रागावलेलाही होता. त्यानं पाण्याकडे बघितलं आणि देवकाला विचारलं, "ओंडका काढला तं दार लागन ना? की मी तिथंच दबीन?"

"ओंडका निघाला की दार जोरात येते. तू नदीच्या अंगाले राहा, दाराच्या अन् पेटीच्या मधात जाऊ नोको. अन् डोरी कमरेले बांध."

"डोरी कोन धरते?"

"मी धरते."

तिनं दोरी आपल्या कमरेभोवती घेतली आणि पाय बांधात रोवले. तिच्यामागे मंगलीनं दोरी धरली, मंगलीच्या मागे भैयालालनं, दुलीचंदनं, आणि मग कोण कोण ते कुणाला आठवत नाही. चैतराम पाण्यात गेला. एकदा वर आला, श्वास घेतला, परत गेला. दुसऱ्यांदा त्यानं ओंडक्याच्या फांदीला दुसरी दोरी बांधली. माणसांनी ती नदीच्या बाजूनं ओढली. ओंडका फिरला, मोकळा झाला, प्रवाहात गेला, आणि दार असं आदळलं की पायाखालचा बांध थरथरला. चैतरामला ओढून वर घेतलं तेव्हा तो खोकत होता. "लागलं काय?" त्यानं पहिला प्रश्न केला.

"लागलं," देवका म्हणाली.

नदी संध्याकाळपर्यंत चढत राहिली. बांधाच्या पलीकडे पाणी छातीएवढं उंच झालं आणि अलीकडे धानाची हिरवी टोकं वाऱ्यावर हलत होती. दुलीचंद बांधावर उभा राहून एकदा या बाजूला बघायचा, एकदा त्या बाजूला. मग तो खाली बांधीत उतरला, धानात उभा राहिला आणि वर नदीकडे पाहून बायकोला म्हणाला, "शामकला, मी आता पान्याच्या खाली हाये."

"मंग मासे धरा दोन-चार," शामकला म्हणाली.

पूर उतरल्यावर दार उघडलं आणि साचलेलं पावसाचं पाणी नाल्यातून निघून गेलं. त्या दिवाळीनंतर खालच्या अंगाला जे धान कापलं गेलं तसं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. देवकाच्या पाण्याला न शिवणाऱ्या घरांपैकी दोन घरांच्या बाया कापणीच्या वेळी तिच्या घागरीतलं पाणी प्यायल्या. कुणी त्याचा उच्चार केला नाही. चैतरामला आतल्या बाजूला, कोकराच्या तोंडाशी, जाळं लावायची कायमची जागा मिळाली. पाणी निघताना मासळी तिथूनच जायची, तेव्हा त्याचा राग फार टिकला नाही.

पुढची वर्षं सुखाची गेली असं म्हणता येणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या साली तापाची साथ आली, त्यात केशोराव आणि दुलीचंद गेले. एका पुरात बांध पुन्हा एकदा फुटला, पण या वेळी कुणाच्या तुकड्यातून फुटला ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्यानंच तो आधी उभा केला. नदीकाठच्या दुसऱ्या दोन गावांची माणसं येऊन बघून गेली. उदारामनं त्यांच्याकडेही कोकर बसवले आणि 'कोकरवाला वाढई' या नावानं तो बाजारात ओळखला जाऊ लागला. सरकारनं जिल्ह्यात मोठे तलाव आणि कालवे खोदायला काढले तेव्हा बोडीटोल्याची माणसं माती बसवायच्या कामावर आवर्जून बोलावली जात. खालच्या अंगाच्या जमिनीला लोक निकेरी म्हणू लागले. 'निकेरीत रोवणा झाला काय?' असं एकमेकांना विचारताना हे नाव कुठून आलं, हे नव्या सुनांना ठाऊकही नसायचं.

देवका दुलीचंदच्या घरीच राहिली, शामकलाच्या सोबतीनं. दोघी एकमेकींशी भांडायच्या आणि एकाच ताटात जेवायच्या. देवका रोज सांजेला काठी घेऊन बांधावर फेरी मारायची. बांधाच्या उतारावर तिनं भोपळे आणि लांब शेंगांचे वेल लावले होते. वेलांच्या मुळांनी माती धरून राहते, हेही निकेरीचंच. कोकराच्या गाळाची पाळी तिनं घराघराला वाटून दिली होती. मंगलीनं केशोरावांच्या मुलाकडून खालच्या अंगाला एक लहान बांधी खंडानं घेतली तेव्हा तिचंही घर त्या पाळीत आलं.

सन सेहेचाळीसच्या श्रावणात देवकाची दृष्टी बरीच गेली होती. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. ती आणि शामकला ओसरीवर बसून जेवत होत्या. भैयालालची सून रुख्माबाई डोक्यावर इरलं घेऊन लगबगीनं जाताना अंगणापाशी थांबली.

"आत्याबाई, नदी चढून राहिली. दाराच्या वर पानी हाये."

देवकानं घास हातातच ठेवला. "आज पाळी कोनाची?"

"मंगलीच्या लेकाची. तो सकाळपासूनच तिथं हाये. ओंडके काढून राहिला."

"भैयालालच्या तुकड्यावर कोन हाये?"

"आमचे घरचे हायेत. मी त्याइलेच भाकर घेऊन जाऊन राहिली."

"बरं. जा मंग, भाकर भिजन," देवका म्हणाली.

रुख्माबाई गेली. शामकलानं नणंदेकडे पाहिलं. पूर्वी अशी खबर आली की देवका ताटावरून उठून चिखलात धावायची, आणि शामकला तिच्यामागे ओरडायची.

"जात नाहीस?" तिनं विचारलं.

"कायले जाऊ? लोक हायेत ना तिथं," देवका म्हणाली. पावसाचा जोर वाढला होता आणि दूर बांधाकडून माणसांच्या एकमेकांना हाका मारण्याचे आवाज येत होते. ती थोडा वेळ ते ऐकत राहिली. मग तिनं ताट पुढे सरकवलं. "भात वाढ थोडा. अन् वरून शेंगांचा रस्सा दे, उरला असन तं."